कोणतं पान आधी पिवळं पडलं?

थांब, तो फवारा खाली ठेव. आधी सांग, पिवळं पडलंय ते पान कोणतं? शेंड्याचं कोवळं, की बुडाजवळचं जून? आणि अख्खं पान पिवळं झालंय, की शिरा हिरव्या राहून मधली जागा तेवढी पिवळी पडलीय? हे न बघता हायड्रेंजियावर औषध मारणं म्हणजे रोग रेड्याला अन् इंजेक्शन पखालीला. पखाल तू कुठून बघितली असणार म्हणा! पाणी वाहायची कातड्याची मोठी पिशवी, ती रेड्याच्या पाठीवर टाकायचे. आता तुमच्या बंगळुरात टँकर फिरतात.

हे झाड मुळात आपल्याकडचं नाही. जपानच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, इझू आणि बोसो या द्वीपकल्पांत, समुद्राच्या ओल्या वाऱ्यात त्याची रानटी भावंडं अजून वाढतात. जून लागला की तिकडे दिवसच्या दिवस झिमझिम चालू राहते आणि त्या पावसातच ती फुलतात. नागासाकीला देजिमा नावाचं एक चिमुकलं बेट होतं, त्यावर डच व्यापाऱ्यांची वखार. १८२३ मध्ये तिथे झीबोल्ट नावाचा जर्मन डॉक्टर आला. रोगी तपासायचा आणि झाडं, बिया, पानं गोळा करायचा. ताकी नावाच्या जपानी बाईबरोबर त्याने संसार थाटला, एक मुलगी झाली. पुढे त्याच्याकडे जपानचे नकाशे सापडले. परक्या माणसाकडे नकाशा असणं हा तेव्हा तिथे भयंकर गुन्हा होता. हेरगिरीच्या संशयावरून १८२९ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं, आणि मायलेकी मागे राहिल्या. युरोपात गेल्यावर त्याने एका हायड्रेंजियाला नाव ठेवलं ‘ओताक्सा’. ताकीला हाक मारायचा ‘ओताकिसान’, त्यावरून. शास्त्राने ते नाव पुढे काही ठेवलं नाही, पण नागासाकी शहराने आपलं फूल म्हणून हायड्रेंजियाच निवडलंय. आणि ती मुलगी, इने, मोठी होऊन स्वतः डॉक्टर झाली.

तर असं हे ओल्या हवेचं आणि अर्ध्या सावलीचं झाड. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे ते तग धरतं. उटी-कुन्नूरला तर बागेबागेत फुलतं. पण इथला मार्च-एप्रिल त्याला सोसत नाही. ऊन कडक आणि हवा कोरडी. पानं बघ किती रुंद आहेत. त्यांच्या पोटाकडे, म्हणजे खालच्या बाजूला, श्वास घ्यायची हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यातून पाण्याची वाफ सतत निघून जाते. भर दुपारी मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा पानं जास्त उडवतात. मग झाड मान टाकतं. तुझी आई धावत जाऊन बादलीभर पाणी ओतते, आणि मला वाटतं बिचाऱ्या हायड्रेंजियांचे सगळ्यात जास्त बळी या मायेनेच जातात.

मान टाकलेलं झाड बघायची वेळ दुपारची नाही, सकाळची. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानं आपली आपण ताठ झाली आणि सकाळी टवटवीत दिसली, तर झाडाला काही झालेलं नाही. कुंडी फक्त सावलीत सरकव, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी. सकाळीही माना खालीच असतील तर बोट मातीत दोन पेरं घालून बघ. माती कोरडी लागली तर पाणी दे. चिखल लागला आणि कुबट वास आला तर मुळं कुजलीत. मुळांनाही श्वासाला हवा लागते. सतत पाणी साचलं की ती गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशीला आयतं घर मिळतं. अशा झाडाला पाणी घालणं म्हणजे आगीत तेल. कुंडीचं भोक मोकळं कर, माती बदल, काळी पडलेली मुळं छाट.

आता तुझ्या पिवळ्या पानाकडे येऊ. कोवळं पान पिवळं आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी स्पष्ट दिसतेय ना? हा लोहाचा दुष्काळ. यातली गंमत तुला सांगतो. आपण लालबागेत त्या मोठ्या खडकावर चढलो होतो, वर केंपेगौडांचा छोटा मनोरा आहे तो. तो खडक सुमारे तीन अब्ज वर्षांचा. भूशास्त्रज्ञ त्याला द्वीपकल्पीय नाइस म्हणतात, आणि तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. असले खडक झिजून झिजून इथली तांबडी माती झाली, आणि ती तांबडी दिसते ती लोहाच्या गंजामुळे. म्हणजे झाड लोहात उभं आहे आणि लोहावाचून उपाशी! धरण उशाला अन् कोरड घशाला.

असं का? लोह मातीत असून चालत नाही, पाण्यात विरघळलं तरच ते मुळाच्या तोंडी लागतं. माती थोडी आंबट असेल तर ते विरघळतं. माती आंबट नसेल, चुनखडीची असेल, तर ते गंज होऊन तसंच बसून राहतं. आणि आपण कुंडीत काय ओततो? बोअरवेलचं पाणी. खोल खडकातून येताना ते चुन्याचे क्षार घेऊन येतं. कुंडीच्या काठावर तो पांढरा थर जमलाय ना, त्यावर लिंबू पिळून बघ. बारीक बुडबुडे येतील. लिंबाचं आम्ल त्या क्षारातून कार्बन डायऑक्साइड मोकळा करतं. असं पाणी रोज घालून आपण आपल्याच हाताने आंबट माती गोडी करून टाकतो.

मग जुनी पानं हिरवी आणि नवी पिवळी, असं का? कारण झाड जुन्या पानात एकदा बसवलेलं लोह तिथून उचलून नव्या पानाला सहजी देऊ शकत नाही. नत्राचं आणि मॅग्नेशियमचं याच्या उलट. ती झाडाला फिरवता येतात, म्हणून टंचाई आली की झाड म्हाताऱ्या पानांतून काढून कोवळ्यांना देतं. आजीआजोबा सगळीकडे सारखेच. म्हणून नत्र कमी पडलं तर बुडाची पानं सगळीच्या सगळी फिकी होतात, आणि मॅग्नेशियम कमी पडलं तर बुडाच्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधलं पिवळं. आता कळलं मी आधी वरचं की खालचं ते का विचारलं? खालच्यांसाठी गांडूळखत, शेणखत, फार तर चिमूटभर एप्सम सॉल्ट. तिथे लोह देऊन काही होणार नाही.

लोहाचा इलाज १८४०च्या दशकात यूझेब ग्रीस नावाच्या फ्रेंच माणसाने दाखवून दिला. पिवळ्या पानांना त्याने लोहाच्या क्षाराचं पाणी लावलं, आणि ते जिथे लागलं तिथे पान हिरवं झालं. शास्त्रातला इतका साधा आणि इतका देखणा पुरावा मला दुसरा पटकन आठवत नाही. लोह काही हरितद्रव्याच्या आत बसलेलं नसतं, आत असतं मॅग्नेशियम. पण हरितद्रव्य तयार करायला लोहाशिवाय चालत नाही. ग्रीसने वापरला तसलाच क्षार म्हणजे आपल्याकडची हिराकस. पण चुनखडी झालेल्या मातीत हिराकस टाकली तर दोन दिवसांत तिचाही गंज होतो. म्हणून हल्ली चिलेटेड लोह मिळतं. त्यात लोहाला एका मोठ्या रेणूने घट्ट धरून ठेवलेलं असतं, ते गंजत नाही आणि मुळापर्यंत पोचतं. पाकिटावर ईडीडीएचए लिहिलंय का बघून घे. ईडीटीए नावाचंही असतं, ते चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. आणि मूळ उपाय पावसाच्या पाण्याचा. २००९ पासून बंगळुरात मोठ्या प्लॉटवरच्या घरांना छतावरचं पाणी साठवणं बंधनकारक झालंय. त्या टाकीतली एक बादली हायड्रेंजियाच्या वाट्याला द्यायला काय हरकत आहे? पावसाच्या पाण्यात चुना नसतो.

हे जे लोहाचं झालं तेच ॲल्युमिनिअमचं, आणि फुलाचा रंग ठरतो तो यावर. आंबट मातीत ॲल्युमिनिअम विरघळून वर चढतं आणि फूल निळं होतं. माती गोडी झाली की ते मातीतच अडकतं आणि तेच झाड गुलाबी फुलतं. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर जांभा दगड आहे, त्यात ॲल्युमिनिअम भरपूर. राधानगरीकडच्या डोंगरांत तर त्याचं खनिज, बॉक्साइटच मिळतं. म्हणून फूल निळ्याचं गुलाबी झालं आणि त्याच सुमारास कोवळी पानंही पिवळी पडली तर दोन्हींचं कारण एकच, ते पाणी. निळ्या रंगासाठी लोक तुरटी घालतात. तुरटीत ॲल्युमिनिअम असतं हे खरं, पण मूठभर टाकलीस तर मुळं भाजतील. फुलं पांढऱ्या जातीची असतील तर हा खटाटोपच नको, ती निळी होत नाहीत.

काठ करपलेत का तेही बघ. पानाचा मधला भाग हिरवागार आणि कड तपकिरी, कुरकुरीत. पाणी मुळातून निघून पानाच्या काठापर्यंत जातं, तिथून वाफ होऊन उडतं, आणि पाण्यातलं मीठ काठाला साचतं. २०२४च्या उन्हाळ्यात शहरात पाण्याची बोंब झाली होती, आठवतंय? पिण्याचं पाणी बागेला घातलं तर पाच हजार रुपये दंड असा हुकूम निघाला. लोकांनी मग आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी जपून झाडांना घातलं. हेतू चांगला, पण त्या पाण्यात यंत्राने गाळून टाकलेले सगळे क्षार असतात. जास्वंद कदाचित सोसेल, हायड्रेंजिया नाही सोसणार. त्या पाण्याने फरशी पुसावी. एसीच्या नळीतून ठिबकतं ते पाणी मात्र हवेतल्या वाफेचं, क्षार जवळजवळ नसलेलं. तुझ्या दादाच्या खोलीतला एसी दिवसभर चालूच असतो, त्याखाली बादली लाव. त्याचा तेवढा तरी उपयोग होईल.

आता डागांची गोष्ट, आणि ही मला सगळ्यात आवडते. बंगळुरात सप्टेंबरचा पाऊस सगळ्यात दांडगा. त्यानंतर बुडाच्या पानांवर बारीक जांभळट तपकिरी ठिपके उठतात. मोठे झाले की मध्ये राखाडी आणि भोवती जांभळी कड. हा करपा, सर्कोस्पोरा नावाच्या बुरशीचा. हिच्या कुळाशी आपली जुनी ओळख आहे. भुईमुगाच्या पानांवर टिक्का पडतो ना, तोही याच कुळातल्या बुरशीचा. या कुळातल्या पुष्कळ बुरशा एक तांबडं विष बनवतात. जपानच्या कुयामा आणि तामुरा या दोघांनी १९५७ मध्ये ते सोयाबीनवरच्या बुरशीतून वेगळं काढलं. हे विष अंधारात निरुपद्रवी असतं. त्यावर उजेड पडला की ते उजेडाची शक्ती घेतं आणि हवेतल्या साध्या प्राणवायूला देऊन त्यालाच आक्रमक करून सोडतं. तो प्राणवायू पानाच्या पेशींचं आवरण फाडतो, आतला रस बाहेर येतो, आणि बुरशी तो खाते. ज्या सूर्यावर पान जगतं त्याच्याच हाती सुरी दिली! शिवाय स्वतःला हे विष बाधू नये याचीही सोय बुरशीने करून ठेवलीय. माणसाला अशी युक्ती सुचली असती तर त्याने गावभर मिरवली असती.

डाग पडलेलं पान कोणत्याच औषधाने परत कोरं होत नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण लोक औषध मारतात, डाग जात नाहीत, मग दुसरं औषध आणतात. औषध फक्त पुढच्या पानाला वाचवतं. आधी डागाळलेली पानं खुडून पिशवीत बांधून टाक, खाली गळलेलीही उचल. तिथूनच बुरशीचं बी पावसाच्या शिंतोड्यांबरोबर उडून वरच्या पानावर बसतं, आणि म्हणून सुरुवात बुडापासून होते. झारीने वरून आंघोळ घालायची नाही. पाणी बुडाशी घालायचं, तेही सकाळी, म्हणजे शिंतोडे उडालेच तरी दिवसभरात वाळतील. दोन कुंड्यांमध्ये वारा खेळू दे. एवढं करून निभावतं, कारण हा करपा झाडाला कुरूप करतो, पण मारत क्वचितच.

तरी औषध हवंच असेल तर त्याची कथा ऐक. फ्रान्समध्ये बोर्डोजवळ द्राक्षांचे मळे होते. रस्त्याकडेची द्राक्षं येणारेजाणारे तोडून खायचे, म्हणून मळेवाले त्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायचे. निळी-पांढरी द्राक्षं बघून चोराची भूकच जायची. १८८२ मध्ये मिलार्दे नावाचा प्राध्यापक तिथून जात होता. केवडा रोगाने मळेच्या मळे झडले होते आणि रस्त्याकडेच्या वेली मात्र पानांनी भरलेल्या! चोरासाठी लावलेलं औषध बुरशीला लागू पडलं होतं. त्याने प्रयोग केले आणि १८८५ मध्ये बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. नाशिकचा द्राक्षबागायतदार आजही त्याला ‘बोर्डो’ म्हणूनच ओळखतो.

या बोर्डोचा एक धागा थेट बंगळुरात येतो. म्हैसूर संस्थानाने १९०८ मध्ये लेस्ली कोलमन नावाचा कॅनडाचा तरुण शास्त्रज्ञ पिकांचे रोग आणि कीड बघायला नेमला. त्याच सुमारास बडोद्याला सयाजीरावांच्या बागा सांभाळलेला क्रुम्बिगेल हा जर्मन माळी लालबागेत आला. क्रुम्बिगेलने शहराला फुलझाडं दिली, कोलमनने रोगी झाडांना औषध. मलनाडच्या सुपारीवर पावसाळ्यात कोळेरोग यायचा, कोवळी फळं कुजून गळायची. आपल्या कोकणातल्या सुपारीलाही तो लागतो. शेतकरी घोसांवर टोपरी बांधून जमेल तसं वाचवायचे. कोलमनने बोर्डो सुचवलं, पण तिथल्या पावसात ते धुऊन जाई. मग त्यात राळ आणि सोडा घालून ते चिकटेल असं केलं. पुढे तो संस्थानाचा शेतीप्रमुख झाला. हेब्बाळची शेतीशाळा १९१३ मध्ये त्याच्याच काळात उभी राहिली.

घरी करायचं तर दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, आणि मग दोन्ही एकत्र. भांडं प्लास्टिकचं, लोखंडाचं नको. मिश्रणात चकचकीत लोखंडी सुरी बुडवून बघायची. पात्यावर तांबूस पूट चढलं तर मोरचूद अजून मोकळा आहे, पान भाजेल, थोडा चुना वाढवायचा. ते पूट म्हणजे शुद्ध तांबं. लोखंड विरघळतं आणि त्याच्या जागी तांबं येऊन बसतं. मोठ्या माणसाला हाताशी घेतल्याशिवाय यातलं काही करायचं नाही, मोरचूद विषारी आहे. दोन कुंड्यांसाठी एवढा घोळ कशाला, दुकानात तांब्याचं तयार औषध मिळतं. पण तेही ऊठसूट मारू नकोस. तांबं मातीत साठत जातं आणि गांडुळांना मानवत नाही.

पांढरं पीठ भुरभुरल्यागत दिसलं तर तो करपा नाही, ती भुरी. आंब्याच्या मोहोरावर, द्राक्षावर येते तिच्या जातकुळीतली. हिला पान ओलं लागत नाही, दमट हवा, थंड रात्री आणि ऊबदार दिवस पुरतात; इथले डिसेंबर-जानेवारी तसेच असतात. हिच्यावर दूध चालतं, खरं सांगतो! ब्राझीलच्या बेत्तिओल नावाच्या शास्त्रज्ञाने १९९९ मध्ये भोपळावर्गातल्या एका भाजीवर दाखवलं की एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी आठवड्याला फवारलं तर भुरी आटोक्यात राहते. बाल्कनीत वास येतो, ते सोसायचं. नाहीतर पाण्यात विरघळणारं गंधक, पण कडक उन्हात नाही आणि निंबोळी तेलाबरोबर तर मुळीच नाही, पानं भाजतात.

मार्चमध्ये पानं धुरकट, बारीक टिपक्यांची दिसायला लागली तर पानाखाली पांढरा कागद धर आणि टिचकी मार. कागदावर मिरीच्या पुडीएवढे कण चालायला लागले की समज लाल कोळी. त्याला आठ पाय असतात, तो किडा नव्हे, घरातल्या कोळ्याचा दूरचा नातेवाईक. कोरडी हवा त्याला मानवते. नळीने पानाच्या पोटाकडून जोरात पाणी मारलं तरी बरेचसे वाहून जातात. ते सकाळी मार. मग करप्याचं काय, असं विचारशील? मार्चची हवा तासाभरात पान वाळवते, तेव्हा करप्याची भीती नाही.

एक मात्र बरं न होणारं आहे. पानावर तपकिरी वळी, पान वेडंवाकडं, दरवर्षी झाड खुजं होत चाललेलं. हा विषाणू. कात्रीला लागलेल्या रसातून तो एका झाडाचा दुसऱ्यावर जातो आणि फांदी लावून केलेल्या नव्या रोपातही उतरतो. त्याला जगात औषध नाही. ते झाड उपटायचं आणि कात्री स्पिरिटने पुसायची, दोन झाडांच्या मधे दर वेळी.

ऑगस्टात स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास लालबागेत फुलांचं प्रदर्शन भरेल, तेव्हा नवं रोप घेऊ. विकणारा तुला फुलांचा गुच्छ पुढे करून दाखवेल. तू खाली वाक आणि बुडाची पानं उलटून बघ, मग शेंड्याची. कुठे वळी, कुठे डाग दिसले तर शेजारचं रोप माग. ‘स्वल्प कम्मी माडी’, जरा कमी करा, असं म्हणायला मी आहेच.